नेपल्समधली बाई कुठली?

पाँपेईतल्या मोठ्या रस्त्याचं नाव ‘व्हिया देल्लाब्बोन्दान्झा’. सरळ मराठीत सांगायचं तर समृद्धी मार्ग. जालना जिल्ह्यातून आलेल्या माणसाला हे कळल्यावर हसू येणारच. आमच्या समृद्धीवर पायी जायला बंदी आहे आणि यांच्या समृद्धीवर पायी जाण्याशिवाय दुसरा उपाय नाही. नाव मात्र रोमनांनी ठेवलेलं नाही. उत्खनन करणाऱ्यांना रस्त्यावरच्या एका हौदावर कोरलेली बाई दिसली. ती समृद्धीची देवता असावी असं त्यांना वाटलं आणि रस्त्याला नाव पडलं. ती देवता दुसरीच होती असं पुढे ठरलं, पण तोवर नाव रुळलं होतं.

बाईची ओळख चुकायची ही एकच वेळ नव्हती. याच रस्त्यावर एक घर आहे, त्याला आज ‘भारतीय मूर्तीचं घर’ म्हणतात. १९३८ साली आमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात तिथे एक हस्तिदंती मूर्ती मिळाली, साधारण वीतभर उंचीची. मायुरींना ती लक्ष्मी वाटली. जगभर ती ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून प्रसिद्ध झाली. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. मला मात्र ती कोण यापेक्षा ती कुठली हा प्रश्न जास्त जवळचा आहे. तिच्या माहेरांच्या यादीत एक नाव आमच्या जिल्ह्यातल्या भोकरदनचं आहे.

आधी पाँपेईबद्दल. आपण परदेशात गेलो की शहरांची तुलना करायची खोड लागते: हे स्वच्छ, ते गलिच्छ, इथली माणसं प्रेमळ, तिथली तुसडी. पाँपेईत माणसंच नाहीत, तरी या शहराला स्वभाव आहे आणि तो आहे चावडीवरच्या बडबड्या माणसाचा. भिंतींवर रंगवलेले आणि खरवडलेले दहा हजारांहून जास्त मजकूर इथे सापडले आहेत. त्यांतले कितीतरी निवडणुकीचे. फळवाल्यांचा या उमेदवाराला पाठिंबा, सोनारांचा त्याला, खेचरं हाकणाऱ्यांचा तिसऱ्याला. एका उमेदवाराच्या नावाखाली तर रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्या समस्त मंडळींचा जाहीर पाठिंबा आहे. ही विरोधकांनी केलेली चेष्टा असावी असं मानतात. नगर परिषदेच्या निवडणुकीत चौकाचौकात लागणारे फ्लेक्स पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

रस्त्याच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. ‘चाकोरी’ या शब्दाचा मूळ अर्थ मी शाळेत वाचला होता, हात लावून पाहिला तो इथे. पलीकडे जायला रस्त्यात मोठे उंच दगड टाकलेले, म्हणजे सांडपाण्यात पाय बुडायला नको. दुकानांच्या दगडी ओट्यांत गोल खळगे आहेत, त्यांत मोठी भांडी बसवलेली असत. सगळं उघडं पडलेलं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि दोन दिवसांत शहराचं तोंड बंद झालं, ते अर्धं वाक्य बोलता बोलता. तरीही पाँपेईचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून खणलेलाच नाही. तो मुद्दाम राखून ठेवला आहे, पुढच्या पिढ्यांकडे आजच्यापेक्षा चांगली साधनं असतील म्हणून.

नेपल्स याच्या अगदी उलट. तासाभराच्या आतला लोकल गाडीचा प्रवास. नाव मूळचं ‘नेआपोलिस’, म्हणजे नवं नगर, आणि हे नवं नगर जवळजवळ अडीच हजार वर्षांचं आहे. जुन्या शहराला मधोमध चिरत गेलेला एक सरळसोट अरुंद रस्ता आहे, तो ग्रीकांनी आखलेला. त्यावरून आज तीन-तीन जण बसलेल्या स्कूटर जातात. वर दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून धुणं वाळत घातलेलं, खाली भट्टीतून निघालेला पिझ्झा, कोपऱ्यावर देव्हारा, देव्हाऱ्यात संताच्या शेजारी फुटबॉलपटू. मला जालन्याच्या बाजारपेठेची आठवण आली, तीही कौतुकानं. पाँपेई मेलं म्हणून जसंच्या तसं टिकलं. नेपल्स जगत राहिलं, म्हणून त्यानं स्वतःचं जुनेपण खाऊन टाकलं. ग्रीकांच्या भिंतीचा दगड रोमनांनी घेतला, त्यांचा देवळांनी, देवळांचा घरांनी. समोर तोच व्हेसुव्हियस आणि त्याच्या पायथ्याशी आज लाखो माणसं राहतात.

हा फरक मी मुद्दाम सांगते आहे, कारण भोकरदन हे पाँपेईसारखं नाही, नेपल्ससारखं आहे. ते पुढे येईलच.

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक ‘गुप्त दालन’ आहे. पाँपेईत सापडलेल्या ज्या वस्तू एकोणिसाव्या शतकातल्या सभ्य लोकांना चारचौघांत दाखवण्याजोग्या वाटल्या नाहीत त्या इथे कुलपात होत्या. कधी फक्त ‘परिपक्व वयाच्या आणि प्रतिष्ठित’ पुरुषांना परवानगीनं बघायला मिळत. २००० साली हे दालन सगळ्यांसाठी खुलं झालं. आपली हस्तिदंती बाई तिथे, कामुक चित्रं आणि शिल्पांच्या गर्दीत. अंगावर वस्त्र नाही एवढ्याच कारणानं. सांचीच्या तोरणावर झाडाला लोंबकळणारी यक्षी उघड्यावर, ऊनपावसात, भिक्षूंच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभी आहे. तिची ही बहीण इथे मात्र गुप्त दालनात.

ती पाय एकमेकांवर टाकून उभी आहे. अंगावर कपडा नाही, पण दागिन्यांना तोटा नाही. गळ्यात जड हार, कमरेला रुंद मेखला, हातभर बांगड्या, पायात एकावर एक चढवलेले वाळे. लहानपणी आमच्याकडे ऊसतोडीच्या आधी तांड्यावरच्या ज्या म्हाताऱ्या बाया यायच्या, त्यांच्या हातांत मनगटापासून वरपर्यंत अशाच पांढऱ्या बांगड्या असत. तिच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या मुली, हातात शृंगाराचं साहित्य घेतलेल्या. डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे. म्हणजे ही देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे, कशाचा तरी भाग आहे. कोणी म्हणतं आरशाची मूठ, कोणी म्हणतं छोट्या चौरंगाचा पाय. पाटीवर एवढंच कळतं की ती भारतातली आहे. भारत म्हणजे काय लहान गाव आहे?

१९३८ हे साल योगायोगाचं आहे. त्याच सुमारास अफगाणिस्तानात बेग्रामला फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना चिणून बंद केलेल्या खोल्यांत हस्तिदंती कोरीव कामाचा मोठा साठा सापडत होता. साहजिकच नेपल्सची बाई तिकडची, वायव्येकडची, असं म्हणणं सोपं झालं. शिवाय तिच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे, खरोष्ठी लिपीतलं. खरोष्ठी गांधाराकडची लिपी, दख्खनात ती चालत नव्हती. दुसरा पक्ष विदिशेचा. सांचीच्या दक्षिण तोरणावर स्पष्ट लिहिलेलं आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं. हस्तिदंतावर काम करणारा हात दगडावरही चालला. सांचीच्या तोरणांवरच्या यक्षी आणि नेपल्सची बाई यांची उभं राहायची ढब, अंगावरचा दागिना, सगळं एकाच रिवाजातलं.

मग १९७३ उजाडलं. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल पुढच्याच वर्षी आला. सातवाहन काळातल्या वस्तीत मणी, मातीच्या मूर्ती, नाणी आणि हस्तिदंताच्या वस्तू निघाल्या. त्यांत एक मोडकी बाई होती, तीही दोन दासींच्या मध्ये उभी. तशीच आणखी एक हस्तिदंती बाई धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आधीच मिळालेली होती. तिच्याही डोक्यात भोक. नेपल्सच्या बाईचं एवढं जवळचं गोत दुसरीकडे कुठे नाही.

इथून पुढे आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ‘पाँपेईची लक्ष्मी आमच्या भोकरदनची!’ असा मेसेज फिरतो, खाली फोटो, त्याखाली भगवे झेंडे. मला तो अभिमान समजतो. पण पुराव्याचं वजन जेवढं आहे तेवढंच धरायला हवं. भोकरदनला हस्तिदंताच्या वस्तू मिळतात आणि तिथली मोडकी बाई नेपल्सच्या बाईच्या धाटणीची आहे, हे पक्कं. ती धाटणी दख्खनात चांगली रुळलेली होती, हेही पक्कं. पण ते खरोष्ठी अक्षर पुसता येत नाही. ते वाटेत एखाद्या व्यापाऱ्यानं टाकलेलं असेल, किंवा उत्तरेकडून आलेल्या कारागिरानं. कारागीर फिरतातच. माझा स्वतःचा कल दख्खनकडे आहे. पण कल म्हणजे निकाल नव्हे. न्यायालयात हा खटला उभा राहिला तर भोकरदनला संशयाचा फायदा मिळेल, मालकी हक्क मिळणार नाही.

वाट मात्र नीट सांगता येते. ‘पेरिप्लस’ नावाचं पहिल्या शतकातलं ग्रीक पुस्तक आहे, कोणा अनामिक व्यापाऱ्यानं लिहिलेलं. परदेशातल्या शहरांची तुलना करणारा हा फार जुना प्रवासी. तो शहरांचे स्वभाव सांगतो ते मालावरून. पैठण म्हणजे भडोचपासून वीस दिवस दक्षिणेला, तिथून गोमेदासारखे रंगीत दगड येतात. तगर, म्हणजे आपलं तेर, तिथून आणखी दहा दिवस पूर्वेला, ते जाडंभरडं कापड आणि मलमलीचं गाव. भडोच म्हणजे भरती-ओहोटीचा भयंकर धोका, वाटाड्या घेतल्याशिवाय जहाज आत घालू नका. आपण अजूनही असंच करतो. जळगाव म्हटलं की केळी, नागपूर म्हटलं की संत्री, जालना म्हटलं की बियाणं आणि सळ्या. भडोचहून निर्यात होणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे आणि आयात मालात सगळ्यात आधी दारू, तीही शक्यतो इटलीची.

भोगवर्धनचं नाव पेरिप्लसमध्ये नाही. भोगवर्धन हे भोकरदनचं जुनं नाव. मार्कंडेय पुराणात दक्षिणापथातल्या लोकांच्या यादीत मूलक आणि अश्मकांबरोबर भोगवर्धन येतात. पैठणहून उत्तरेला उज्जैनीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टप्प्यात हे गाव. अजिंठ्याचा डोंगर इथून जवळ, घाट उतरला की खानदेश आणि तापी. माल बैलगाडीनं भडोचला, तिथून मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रातल्या बेरेनिके बंदरात, मग उंटांवरून नाईल, नाईलवरून अलेक्झांड्रिया आणि तिथून पुतेओली. पुतेओली म्हणजे आजचं पोत्सुओली, नेपल्सचं जवळजवळ उपनगर. बेरेनिकेला अलीकडे सातवाहनांची दोन नाणी मिळाली, बुद्धाची एक संगमरवरी मूर्तीही. उलट दिशेनं काय आलं? कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात रोमन समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती सापडली. म्हणजे पाँपेईच्या घरात आपली बाई आणि पंचगंगेच्या काठी त्यांचा देव. दोघांनाही शेजारपाजारच्यांनी काय म्हणून ओळखलं असेल कोण जाणे. कोल्हापूरकरांनी पोसायडनला एखादं ओळखीचं नाव दिलं असेल तर मायुरींना दोष देण्यात अर्थ नाही.

हिशेबाचीही एक बाजू आहे. हिंदुस्थान दर वर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स खाऊन टाकतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीनं लिहून ठेवली आहे. बायकांच्या नट्ट्यापट्ट्यावर त्याचा विशेष राग. हा प्लिनी तेव्हा नेपल्सच्या आखातात आरमाराचा प्रमुख होता. ७९ साली ज्वालामुखी फुटला तेव्हा लोकांना वाचवायला जहाजं घेऊन निघाला आणि किनाऱ्यावर गुदमरून मेला. काही मैलांवर ती बाई राखेखाली गाडली गेली. जिच्यासारख्या चैनीच्या वस्तूंबद्दल तो कुरकुरत होता, ती टिकली.

आता भोकरदन. केळना नदीच्या काठावरचं तालुक्याचं गाव, जालन्याहून तास-दीड तास. बसस्थानक, कृषी सेवा केंद्रं, मोबाईलची दुकानं, चहाच्या टपऱ्या. नदीकाठी ब्राह्मणी धर्माचं एक लेणं आहे, सातवाहनांच्या कितीतरी नंतरचं. जुनं भोगवर्धन दाखवा म्हटलं तर दाखवण्यासारखं काही नाही, कारण लोक त्याच्यावरच राहतात. इथे राख पडली नाही. गाव मेलंच नाही. म्हणून मी म्हटलं की ते नेपल्ससारखं आहे. फरक एवढाच की नेपल्सनं दगड खाल्ला, आपण माती खाल्ली.

शब्दशः खाल्ली. मराठवाड्यात गावठाणाच्या जमिनीला ‘पांढरी’ म्हणतात, शेताच्या जमिनीला ‘काळी’. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, घरं पडली, राख-चुना-शेण मातीत मिसळलं की ती माती पांढुरकी होते. धाब्याच्या घरांच्या छतावर घालायला हीच माती उत्तम, तिच्यातून पाणी झिरपत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात जुन्या टेकाडावरून पांढरी माती खणून आणायची आणि पावसाळ्याआधी माळवदावर चोपायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या मातीत मणी निघायचे, नाणी निघायची, मातीची मुंडकी निघायची. मणी पोरांच्या खिशात जायचे, बाकीचं छतावर. सातवाहनांचं शहर आम्ही डोक्यावर घेऊन झोपलो, असं म्हणायला हरकत नाही. तेरला रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गृहस्थांनी गावकऱ्यांना सापडणाऱ्या या चिजा वर्षानुवर्षं गोळा केल्या, म्हणून तेरचं संग्रहालय उभं राहिलं. प्रत्येक टेकाडाला लामतुरे मिळत नाही.

आता धाब्याची घरं गेली, स्लॅब आले. पांढरी माती छतासाठी कोणी आणत नाही. त्याऐवजी प्लॉट पडतात आणि जेसीबी एका दुपारी जे करतं ते करायला माळवदवाल्यांना शंभर वर्षं लागली असती. पाँपेईवाले एक तृतीयांश शहर मुद्दाम खणत नाहीत हे ऐकल्यावर मला आधी हेच आठवलं.

इथे जरा वाकडी वाट करून लंडनला जाऊन येऊ, कारण केळनेच्या काठची आणखी एक गोष्ट तिथे आहे. भोकरदनहून नदीच्या कडेनं थोडं पूर्वेला गेलं की असई. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे आर्थर वेलस्लीनं शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. मराठी फौज भोकरदनजवळ, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उतरलेली. वाटाड्यांनी सांगितलं, नदीला उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे समोरासमोर दुसरं, पिंपळगाव आणि वरूड. त्यानं तर्क केला: इतकी जवळ असलेली दोन गावं एकमेकांकडे जाण्यायेण्याची सोय केल्याशिवाय राहणार नाहीत. उतार निघाला. लढाईबद्दल कितीही राग असला तरी या तर्काला दाद द्यावी लागते. नदीकाठची दोन गावं म्हणजे सोयरीक, उसनवारी, चक्की आणि भांडणं. कुठल्याही देशात उतार असणारच. चौतिसाव्या वर्षी या माणसानं आमच्या गावांचा स्वभाव एका नजरेत ओळखला आणि त्याचाच वापर करून लढाई जिंकली.

संध्याकाळपर्यंत त्याची सुमारे सोळाशे माणसं मेलेली, जखमी किंवा बेपत्ता होती. आपल्या बाजूची किती गेली याचे नुसते अंदाज आहेत. पुढे वॉटर्लू जिंकूनही तो असईला आपली सगळ्यात चांगली लढाई मानत असे, असं सांगतात. लंडनमध्ये हाइड पार्कच्या कोपऱ्यावर त्याचं घर आहे, ॲप्सली हाउस. जिन्याशी नेपोलियनचा भलाथोरला संगमरवरी पुतळा, अंगावर जवळजवळ काही नसलेला. तो कोणी गुप्त दालनात ठेवलेला नाही, हे जाता जाता नोंदवते. दख्खनमधल्या अधिकाऱ्यांनी वेलस्लीला भेट दिलेला चांदीचा, सोन्याचं पाणी चढवलेला भोजनसंचही त्या घरात आहे. स्कॉटलंडच्या ज्या पलटणी इथे लढल्या त्यांच्या निशाणांवर हत्ती आला आणि ‘असई’ हा शब्द आला.

लंडनचा स्वभाव जमाखर्च ठेवणाऱ्या मुनिमाचा आहे. कुठे, कोणत्या तारखेला, किती तोफा, सगळं टिपलेलं. आमच्या एका खेड्याचं नाव त्यांनी दोनशे वर्षं घासूनपुसून ठेवलं. फक्त त्या नावात गावातलं कोणी नाही. पिंपळगावची, वरूडची माणसं त्या दिवशी कुठे होती, पिकात किती घोडे घुसले, नदीचं पाणी किती दिवस पिता आलं नाही, याची नोंद त्या वहीत नाही. नेपल्सनं वस्तू सांभाळली, नाव हरवलं. लंडननं नाव सांभाळलं.

भोगवर्धनची माणसं शोधायला मला शेवटी सांचीला जावं लागलं. सरळ रेषेत चारशे किलोमीटर, नर्मदेपलीकडे. दोन हजार वर्षांपूर्वी तो परमुलूखच होता. सांचीचा मोठा स्तूप, त्याचा कठडा, फरशा आणि तोरणं हे कोण्या एका राजाचं काम नाही. आठशेहून जास्त छोटे लेख तिथल्या दगडांवर आहेत आणि बहुतेक सगळे एकाच घडणीचे: अमक्याचं, अमक्या गावच्याचं, दान. कोणी भिक्षुणी, कोणी श्रेष्ठी, कोणाची आई, कोणाची सून. बाया खूप. एकेकाचं दान एखाद्या खांबाचं, एखाद्या आडव्या दगडाचं, एखाद्या फरशीचं. उज्जैनीची माणसं भरपूर, विदिशेची, माहिष्मतीची, आणि त्यांच्यात भोगवर्धनची. भारहूतच्या कठड्यावरही, जो आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे, हे गाव येतं.

या साध्या लेखांचं एक मोठं उपकारी काम फारसं कोणी सांगत नाही. ब्राह्मी लिपी हजारभर वर्षं कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपच्या लक्षात आलं की सांचीच्या या तुटक ओळी शेवटच्या त्याच दोन अक्षरांवर संपतात. एवढ्या लोकांनी एकाच जागी लिहिलेला शेवटचा शब्द काय असणार? ‘दानं’. तिथून ‘द’ आणि ‘न’ हाताशी आले आणि सगळी लिपी सुटत गेली. त्यानंतर अशोकाचे शिलालेख वाचता आले. राजांच्या आज्ञांचं कुलूप खेड्यापाड्यांतल्या बायांच्या वर्गणीच्या पावतीनं उघडलं.

मला विचाराल तर तिन्ही शहरांत सांचीचा स्वभाव मला सगळ्यात मानवला. खरं म्हणजे ते शहरही नाही, शहराबाहेरची टेकडी आहे. पण तिथे परगावच्या माणसाला आपलं नाव आणि गाव स्वतः सांगता आलं, आणि ते जसं सांगितलं तसं दगडावर राहिलं. कोणी त्याला लक्ष्मी म्हटलं नाही, लढाई म्हटलं नाही.

आमच्याकडची पुण्या-मुंबईला शिकणारी मुलं ‘गाव कुठलं?’ असं विचारलं की ‘संभाजीनगरजवळ’ म्हणतात. जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे ते तसं खोटंही नाही. ‘भोकरदन’ म्हटलं की ‘कुठे आलं हे?’ हा पुढचा प्रश्न येतो आणि तो टाळायचा असतो. भोगवर्धनच्या त्या माणसांना ‘प्रतिष्ठानजवळ’ म्हणता आलं असतं. प्रतिष्ठान राजधानी होती, उज्जैनी-विदिशेत प्रत्येकाला माहीत. आठवडेच्या आठवडे चालून, घाट उतरून, दोन मोठ्या नद्या ओलांडून ती तिथे पोचली आणि कोरक्याला सांगताना त्यांनी भोगवर्धनच सांगितलं.

मी गेले तेव्हा नोव्हेंबर होता. शाळेच्या सहली आलेल्या. मुलं प्रदक्षिणेच्या वाटेवरून पळत होती, शिक्षक ओरडत होते. कठड्यावरची अक्षरं वर नाहीत, खाली नाहीत, हाताच्या उंचीवर आहेत. येणारा-जाणारा नकळत त्यांवरून हात फिरवतो. रखवालदार शिट्टी मारतो. तेवढ्यापुरता हात निघतो, पुढच्या खांबाशी पुन्हा लागतो.